फॉन्ट उडाला, साहेब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच राग येतो. तेहतीस वर्षं नोकरी केली. खून पाहिले, दरोडे पाहिले, भल्याभल्यांना बोलतं केलं. पण निवृत्तीनंतर सकाळी चहा घेताना जी केस मनात येऊन बसते, ती यातली कुठलीच नाही. एक म्हातारा मास्तर घरातून निघून गेला होता, एवढीच केस.

मी तेव्हा बुलडाणा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. एका बुधवारी सकाळी पस्तिशीचा एक तरुण ठाण्यात आला. त्याचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, वय सत्तरच्या पुढे, आदल्या दिवशी सकाळपासून घरी नव्हते. मोबाइल कपाटात ठेवून गेले होते. आम्ही हरवल्याची नोंद घेतली, स्टेशन डायरीत टिपली, सगळ्या ठाण्यांना संदेश पाठवला. रोजचंच काम. म्हातारी माणसं रुसून जातात आणि दोन दिवसांनी एखाद्या लेकीकडे सापडतात.

जाता जाता मुलाने एक गोष्ट सांगितली. गुरुजींचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता, पेन धरता येत नसे. पण टाइपरायटरच्या काळात शिकलेलं मराठी टायपिंग पक्कं होतं, आणि त्याच पद्धतीने ते घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. आई गेल्यापासून बापलेकाचं बोलणं कमी झालं होतं. मुलगा कामावरून यायचा तेव्हा गुरुजी झोपलेले, सकाळी मुलाची घाई. त्यामुळे गुरुजींना जे सांगायचं ते टाइप करून स्क्रीनवर ठेवायचे. गोळ्या संपल्या. मोटर पाणी ओढत नाही. नातवाला रागावत जाऊ नको. मुलगा जमेल तेव्हा उघडून वाचायचा. मंगळवारीही मुलाच्या नावाची नवी फाईल होती. पण उघडली तर आत नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच उद्गारचिन्हं, एका शब्दाचा अर्थ लागेना.

त्याने ती फाईल माझ्या मोबाइलवर पाठवली. मी उघडली, दोन ओळी पाहिल्या आणि व्हायरस लागला असेल म्हणून बंद केली.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, गुरुजी गेले ना, त्याच दिवशी तो कॉम्प्युटरवाला त्यांच्या घरी आल्ता. सारं पुसून गेला. मागच्या हप्त्यात त्याचं अन् गुरुजीचं जोरात भांडण झाल्तं. मी आपलं सांगून राह्यलो." फोन ठेवला गेला.

मी गुरुजींच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, खरं आहे. कॉम्प्युटर महिनाभर रखडत होता. चालू केला की अर्धा तास नुसता फिरत राहायचा, मध्येच अडकायचा. तिनेच दुरुस्तीवाल्याला कधीचा निरोप दिला होता. तो मंगळवारी दहा वाजता आला आणि दुपारपर्यंत फॉरमॅट करून गेला. तोवर घरात सगळ्यांना वाटत होतं की गुरुजी देवळात गेलेत.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? माणूस बेपत्ता, त्याच दिवशी त्याचा कॉम्प्युटर कोरा, शेवटची चिठ्ठी नासलेली, आणि वर भांडणाची साक्ष. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. पंचनामा केला, कॉम्प्युटर जप्त केला, सील ठोकून मुद्देमालाच्या खोलीत ठेवला, लॅबला पाठवायचं पत्र तयार केलं. लॅबच्या रांगेत नंबर कधी लागेल ते देवच जाणे, पण कागद पक्के झाले.

दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं. चाळिशीतला किरकोळ माणूस, खामगावकडून येऊन आमच्या गावात स्थायिक झालेला. बसस्टँडजवळ त्याचं छोटं दुकान होतं. शाळा, वकील, ग्रामपंचायती, सगळ्यांचे कॉम्प्युटर तोच पाहायचा. माझी एक पद्धत होती. माणसाला आधी बाकावर दोन तास नुसतं बसवायचं, कुणी बोलायचं नाही. खोटारडा असेल तर तेवढ्यात आतून ढिला होतो. हा काही ढिला झाला नाही. घड्याळ पाहत राहिला, कारण दुकान उघडंच टाकून आला होता.

"काय काय पुसलंस?" मी विचारलं.

"पुसलं काहीच नाही साहेब. त्यांच्या साऱ्या फायली काढून ठेवल्या, विंडोज नवीन टाकलं, फायली जशाच्या तशा परत टाकल्या."

"मग ती चिठ्ठी कशी नासली?"

"नासली नाही ना साहेब. फॉन्ट उडाला. गुरुजी जुन्या मराठी फॉन्टमधी लिहितात. विंडोज नवीन टाकलं की तो फॉन्ट जाते. त्यांच्याजवळ सीडी होती, मी सुनबाईले सांगून आलो की गुरुजी आले की मले फोन करा, टाकून देतो. फॉन्ट टाका, वाचता येते."

"अन् भांडण?"

"भांडण कायचं साहेब! म्या म्हटलं, गुरुजी, आता नवीन पद्धतीनं टाइप करा, कुठंबी वाचता येईन. तं म्हने, या वयात माह्या बोटाईले शिकवतं का बे? आवाजच मोठा हाये त्यांचा, मास्तर होते ते." एवढं बोलून तो थोडा हसला. मग म्हणाला, "साहेब, माह्या दुकानात हाये तो फॉन्ट. पाच मिन्टाचं काम हाये. कॉम्प्युटर द्या, आता वाचून दाखवतो."

इथेच माझं डोकं फिरलं. संशयित म्हणतो पुरावा माझ्या दुकानात द्या, मी उघडून दाखवतो! मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, समजलास काय ठाणेदाराला? पुराव्याला आरोपीचा हात लागू द्यायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. धडा बरोबरच होता. पण खरं सांगायचं तर मला त्याचं बोलणं कळलंच नव्हतं, आणि कळलं नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. चार शिपायांसमोर ठाणेदाराने फॉन्ट म्हणजे काय असं कसं विचारायचं?

त्याला रोज सकाळी हजेरी लावायला सांगितलं. रोज तेच प्रश्न, रोज तेच उत्तर. उत्तर बदललं नाही म्हणून मी त्याला पढवलेला समजलो. चौथ्या दिवशी तो कंटाळून म्हणाला, "साहेब, तुमच्या ठाण्यातबी असनच तो फॉन्ट. तुमच्या लिखापढीच्या बाईले इचारा ना एकडाव." मला वाटलं हा मला शिकवतोय. मी त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या एका केसचे दोन पंच समोर बसले होते, त्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कॉम्प्युटरवाल्याने गुरुजींना संपवलं आणि पोलिसांनी त्याला धुतला. शाळेने दुसरा माणूस लावला. त्याच्या बायकोला नळावर बायका जागा देईनात.

गुरुजींचा मुलगा रोज येऊन विचारायचा, "साहेब, बाबांचा फोटो ग्रुपवर टाकू का? नातेवाइकांना घेऊन गावोगाव फिरू का?" मी सांगायचो, "नको. आरोपी सावध होईल. तू गप्प राहा, आम्ही काढतो." तो बिचारा माझं ऐकून गप्प राहिला.

असे दिवस चालले. चौदाव्या दिवशी ठाण्याचा कॉम्प्युटर जिल्ह्याहून दुरुस्त होऊन आला. आमच्याकडे लिखापढीचं काम पाहणाऱ्या एक महिला हवालदार होत्या, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. मी सहीचा कागद घेऊन त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी ठाण्याचं एक जुनं पत्र उघडलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच उद्गारचिन्हं.

"अगं बाई, फॉन्ट उडाला वाटते," असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला, दोन-तीनदा टिकटिक केलं आणि पत्र बंद करून पुन्हा उघडलं. समोर माझंच पत्र, स्वच्छ मराठीत.

"बाई, हे काय केलंत?"

"काही नाही साहेब. विंडोज नवीन टाकलं की जुना मराठी फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, जातो, मग तेच लिहिलेलं इंग्रजी अक्षरांत दिसतं. पुन्हा टाकला की झालं."

मी खुर्ची ओढून बसलो. खिशातून मोबाइल काढला आणि ती फाईल बाईंना दिली. चौदा दिवस ती माझ्या खिशात होती. जेवताना, झोपताना, त्या माणसाला मारताना माझ्या खिशात होती. बाईंनी ती स्क्रीनवर उघडली, पहिली ओळ वाचली आणि उठून उभ्या राहिल्या. "साहेब, तुम्हीच वाचा," म्हणाल्या.

गुरुजींनी मुलाला लिहिलं होतं, की संग्रामपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी माझ्या जुन्या विद्यार्थ्याची संत्र्याची बाग आहे, तिथे जातोय. भांडण नाही, तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात लिहिलेलं तू उघडूनही पाहिलं नाहीस. मी घरात असून नसल्यासारखा झालोय. आठ दिवस तिथे वाट पाहीन. तू घ्यायला आलास तर मुकाट्याने येईन. नाही आलास तर माझी अडचण होते असं समजेन, मग मागाहून येऊ नकोस.

जीप काढली, मुलाला सोबत घेतलं. संग्रामपूर ओलांडून बागेत पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. बागेचा मालक धावत आला. "गुरुजी म्हने घरी लिहून ठेवलं हाये, म्हणून म्या कोनाले फोन नाही केला. आठ दिस रोज फाट्यावर जाऊन बसत होते. येनाऱ्या एस्टीले पाहत होते. नवव्या दिवसापासून नाही गेले."

गुरुजी झाडाखाली बाजेवर बसले होते. मुलाकडे पाहून म्हणाले, "काऊन आला? म्या लिहिलं होतं ना, मागून येऊ नको म्हणून."

"बाबा, आजच वाचलं बाबा. वाचताच येत नव्हतं."

मी पुढे झालो. "गुरुजी, याची चूक नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, फॉन्ट उडाला, त्यामुळे चिठ्ठी वाचता येत नव्हती."

गुरुजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखली. चौदा दिवस मी तीच नजर त्या दुरुस्तीवाल्यावर रोखली होती. "साहेब," ते म्हणाले, "पोराले वाचवासाठी तुमी खोटं नोका बोलू. तुमाले शोभत नाही." मी शपथ घेतली, मुलाने पाय धरले. गुरुजी बाजेवरून हलले नाहीत. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याच्या घरी गेलो. दुकान बंदच होतं. त्याच्या अंगणात उभं राहून मी सगळं सांगितलं, माफ कर म्हणालो, आणि त्याच श्वासात मदतही मागितली. त्याने पायात चप्पल घातली. मग म्हणाला, "येतो. गुरुजीसाठी येतो."

कॉम्प्युटर सुपूर्दनाम्यावर मुलाच्या ताब्यात दिला आणि सगळे मिळून बागेत गेलो. त्या माणसाने ओसरीवर कॉम्प्युटर मांडला, आधी चिठ्ठी होती तशी उघडून दाखवली, मग फॉन्ट टाकून पुन्हा उघडली. गुरुजी चष्मा लावून पाहत होते.

"म्हणजे माही चिठ्ठी कोनीच वाचली नाही?"

"नाही गुरुजी."

"मंग तू हे यांले सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, थोबाडीत मारल्याचा विषय काढला नाही. शेवटी मीच सांगितलं, की मी ऐकलं नाही, वर याला मारलं, आणि तुमच्या मुलालाही तुम्हाला शोधू दिलं नाही.

गुरुजी मुलाकडे वळले. "या आठ दिवसांत म्या तुह्याबद्दल काय काय मनात आनलं रे. ते आता कसं काढू?" असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले. पिशवी भरून ते घरी आले खरे, पण पुढे मुलगा सांगायचा, बाबा आता काही लिहीत नाहीत, आणि मी समोर आलो की आधी नजर चुकवतात. वर्षभरात गुरुजी गेले.

त्या दिवशी बागेतून निघताना मी दुरुस्तीवाल्याला जीपमध्ये बस म्हणालो. "नाही साहेब, एस्टीनं येतो," तो म्हणाला. "तुमच्या गाडीतून उतरलो तं लोकं अजून काही समजतीन." मी तहसीलजवळ, बाजारात, चार लोकांत त्याची बाजू सांगत फिरलो. उपयोग झाला नाही. त्याच्यावरचा संशय मी भर ठाण्यात दाखवला होता, माफी एकेकाला गाठून सांगत होतो. पुढल्या दिवाळीच्या आत त्याने दुकान काढून टाकलं आणि तो परत खामगावकडे गेला.

नवीन अधिकारी कधी विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो, की समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर तसं तोंडाने म्हणा. मला कळलं नाही, पुन्हा सांग, एवढे शब्द मी त्या दिवशी बोललो असतो तर गुरुजी तिसऱ्या दिवशी मुलासोबत एस्टीत बसले असते.

निवृत्तीनंतर एकदा मी त्याला शोधत खामगावला गेलो. पुन्हा माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "असू द्या साहेब." मी घरी आलो. त्याने मनापासून माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. पोलिसाला माणूस दुसरं काय म्हणणार?