मांजराला चालणारी फळं

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला अख्खी इमारत ‘नर्सबाई’ म्हणते, पण ती नर्स नाही. आजारी म्हाताऱ्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, त्यांची बोलणी खाणं, हे काम तिने तीस वर्षं केलं. कुणाच्या घरी दोन वर्षं, कुणाच्या घरी पाच. नवरा लवकर गेला, मुलगी बहिणीकडे वाढली, आणि स्वतःचं घर म्हणावं असं तिला कधी झालंच नाही. तिची शेवटची म्हातारी म्हणजे समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई. त्या गेल्या आणि नर्सबाई एका मांजरीच्या ताब्यात आली.

व्यवस्था अशी. मास्तरीणबाईंचा मुलगा परदेशात असतो. मी त्याला चिरंजीव म्हणतो. त्याने आईला शब्द दिला होता की मांजरीला या घरातून हलवणार नाही. तेव्हा मांजर आहे तोवर नर्सबाईने तिथे राहायचं, आणि मांजर गेली की घर विकायचं. अट एकच, रात्री मांजरीला एकटं सोडायचं नाही. ऐकायला अट साधी आहे. पण त्या अटीपायी सहा वर्षांत नर्सबाई एकदाही मुक्कामाला बाहेर गेली नव्हती. मुलीच्या लग्नालासुद्धा सकाळी गेली आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत परतली.

त्यात मांजरीला फळांचं वेड. मास्तरीणबाई रोज सकाळी तिला खरबुजाची फोड द्यायच्या. मांजरांना म्हणे गोड चव कळतच नाही, असं प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. मग ही राणीसरकार खरबुजासाठी भिंती खरवडत का ओरडते, ते तिलाच ठाऊक. तर चिरंजिवांनी डॉक्टरांना विचारून एक यादी पाठवली आणि ती नर्सबाईच्या फ्रिजवर चिकटली. खरबूज, कलिंगड चालेल, बिया काढून, नखाएवढं. सफरचंद साल आणि बिया काढून. केळं चिमूटभर. संत्रं, लिंबू नको, त्यांची सालही नको. चेरी नको. द्राक्षं अजिबात नको, आणि ‘अजिबात’खाली दोन रेघा.

आता गंमत अशी की नर्सबाईला द्राक्षं जीव की प्राण. पण एखादा मणी घरंगळून कपाटाखाली गेला तर? म्हणून ती जिन्यात बसून द्राक्षं खायची. मोजून आणायची, मोजून खायची, देठ खालच्या डब्यात टाकायची आणि हात धुऊन घरात शिरायची. साठी उलटलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी चोरून खाताना बघून माझं डोकं फिरायचं.

“अहो, फळानं कधी कुणी मेलंय का?” मी म्हणायचो.

“तुम्हाला काय जातंय बोलायला, भाऊ? तिला काही झालं तर मी कुठं जाऊ?”

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं मी शेकड्यांनी बाहेर काढली आहेत. अडकलेलं माणूस दिसलं की माझे हात शिवशिवतात. एवढी एक खोड आहे मला, आणि त्या खोडीपायीच पुढचं सगळं झालं.

मुलीला आठवा महिना लागला. तिचं म्हणणं, आईने बाळंतपणाला यावं, महिनाभर तरी राहावं. तिचं घर दोन खोल्यांचं, सासऱ्यांना दम्याचा त्रास, त्यामुळे मांजर नेणं शक्यच नव्हतं. आणि महिनाभरापलीकडे आईला ठेवून घेणंही शक्य नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हणालो, “मांजर मी सांभाळतो. मी इथेच येऊन झोपेन.” नर्सबाईने आठ दिवस विचार केला, मग चिरंजिवांना भीत भीत विचारलं. तो म्हणाला, आधी एक रात्र करून बघा, पण जबाबदारी तुमची.

त्या एका रात्रीसाठी ती सकाळी निघाली तेव्हा तिने नवी साडी नेसली होती. यादी मला तीनदा वाचून दाखवली. मी म्हणालो, “बाई, मला वाचता येतं.” ती जिना उतरताना मागे वळून बघत राहिली, आणि मी हाताने ‘जा, जा’ करत राहिलो.

तासाभराने मी तिच्याच स्वयंपाकघरात चहा केला. येताना घरून मनुका घातलेला पाव आणला होता. दोन कापांना चांगलं जाड लोणी लावलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मीटर बघणारा आला होता. त्याच्याशी दोन शब्द बोलून परत आलो, तर बशीत एकच काप. दुसरा खाली पडलेला, अर्धा गायब, आणि राणीसरकार मिशा चाटत बसलेल्या. मला हसू आलं. लोण्यासाठी खाल्लं असणार. यादीत पाव नव्हता, लोणी नव्हतं. मी यादीकडे पाहिलं, आणि त्या दोन रेघांपाशी माझं हसू विरलं. मनुका कशाची असते?

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “अहो, मनुका म्हणजे वाळलेली द्राक्षंच की! किती गेली पोटात?”

“चार-पाच असतील.”

“द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. मांजरांचं तेवढं नक्की सांगता येत नाही, कारण मांजरं सहसा खातच नाहीत. पण किती खाल्लं तर बाधतं हे कुणालाच माहीत नाही, म्हणून वाट बघायची नाही. ताबडतोब घेऊन या.”

ताबडतोब! मांजर कपाटावर चढून बसली. मी स्टुलावर चढलो, तिने माझा हात ओरबाडला. खरबूज दाखवलं, तरी ढिम्म. अर्धा तास असा गेला. शेवटी मी नर्सबाईला फोन केला. काय झालं ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता बसचा आवाज येत राहिला.

“येते,” ती म्हणाली.

ती वाटेतच उतरली आणि उलटी बस पकडून आली. दारातून नुसती हाक मारली, तशी मांजर उडी मारून तिच्या पायाशी. मला तेव्हा मांजरीपेक्षा माझाच जास्त राग आला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी उशिराबद्दल मला चांगलं फैलावर घेतलं. मांजरीला सलाईन लावलं. तीन दिवस रोज रक्त तपासायचं ठरलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. मी माफी मागत होतो, आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र ती आपणहून बोलली.

“भाऊ, एक सांगू? कुणाला बोलू नका. तुमचा फोन आला ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं.”

“म्हणजे?”

“वाटलं, आता ती जाईल. सुटले. मी उतरलेच नाही लगेच. दोन थांबे तशीच पुढं गेले, मुलीकडं. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मग घर आठवलं. महिना झाला की मी कुठं जाणार? तेव्हा उतरले. मांजरीसाठी नाही उतरले, भाऊ.”

तिची मला लाज वाटली नाही, कीव आली, आणि ती कीव तिला दिसू नये म्हणून मी फरशीकडे बघत बसलो.

डॉक्टर हसतच बाहेर आले. “ठणठणीत आहे! रक्त अगदी स्वच्छ. जपलंत तर अजून सात-आठ वर्षं कुठं जात नाही ती.”

“हो का,” नर्सबाई म्हणाली. “बरं झालं.”

मालक म्हणून दवाखान्याने चिरंजिवांना कळवलंच होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज चढवला नाही, उलट आभार मानले. म्हणाला, तुम्ही परत आलात म्हणून वाचली, आईला किती बरं वाटलं असतं. आणि यापुढे तिला कुणाच्याही भरवशावर सोडू नका, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. नर्सबाईने “हो” म्हटलं. मी तिथेच उभा होतो. माझ्या शब्दाला आता काय किंमत होती?

मुलीला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलगी चिडली नाही, हीच तिला जास्त लागलेली गोष्ट. “मला माहीतच होतं,” एवढंच म्हणाली, आणि बाळंतपण सासूबाई करतील म्हणाली.

महिन्याभराने तिला मुलगी झाली. फोनवर दाखवायची होती, आणि नर्सबाईला व्हिडिओ कॉल नीट लावता येत नाही, म्हणून मला बोलावलं. मी लावून दिला. लाल, सुजरं तोंड, मिटलेले डोळे. मांजर नर्सबाईच्या मांडीवर पसरली होती आणि तिला ती हलवत नव्हती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. फोन बंद झाल्यावर तिने बोटांवर काही तरी मोजलं.

“सात-आठ वर्षांत नात दुसरीत जाईल, नाही?” तिने विचारलं.

“जाईल.”

“तेव्हा मी जाईन तिच्याकडं,” मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. “तेव्हा मला जायलाच लागेल, नाही का? आणि तेव्हा त्यांना मी नको असेन.”