अर्धा रस्ता मोकळा होता

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी अहमदपूर तालुक्यातील एका वळणावर इटलीचा शर्यतचालक पाओलो याने स्पर्धेची गाडी थांबवली. त्या वेळी तो सर्वांत पुढे होता.

आदल्या दिवशी आम्ही नांदेडहून निघालो. मी वार्तांकनासाठी होतो. दुभाष्याचं काम आयत्या वेळी अंगावर आलं. जीप बालाजीची, चालवतही तोच होता. त्याच्या शेजारी पाओलो, मागे माझ्याजवळ त्याचा सहचालक. शर्यतीचा रस्ता स्पर्धकांना आदल्या दिवशी सावकाश पाहता येतो, त्यासाठी हा प्रवास होता.

लोह्याला चहासाठी थांबलो. पाओलोने चाळिशी ओलांडली आहे. लहानपणी गो-कार्ट, मग एकआसनी गाड्या, मग मोठ्या संघाचा राखीव चालक, आणि तिथेच एका अपघातात मणका मोडला. त्यानंतर त्याला खराब रस्त्यांवरच्या शर्यती तेवढ्या मिळत गेल्या. एका संघाचा व्यवस्थापक लातूरला, शर्यत संपते तिथे, थांबला होता. पाओलो पहिला आला तर पुढच्या हंगामासाठी गाडी, नाही तर नाही. हे सांगताना त्याने चहाच्या कपाला हात लावला नाही.

"तिकडं काचेसारखे रोड असतेत म्हणं," बालाजी मला म्हणाला. "मंग हा खड्ड्यात कशाला आला, इचारा की."

मी विचारलं.

"तिकडच्या रस्त्यांवर आता मला कोणी बोलावत नाही," पाओलो म्हणाला.

बालाजीने मिरचीभज्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली. "खा म्हणा. उद्या ह्याच्यापेक्षा कमीच जाळ निघंल." पाओलोने एक भजं खाल्लं आणि पुढची काही मिनिटं पाणी पीत राहिला.

अहमदपूरच्या पुढे आम्ही गावरस्त्याला वळलो. सोयाबीन कापून झालेली काळी शिवारं, मधून तुरीच्या हिरव्या ओळी. एका वळणावर डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि त्याच्या कडेने दगडांची रांग होती. पाओलोने जीप थांबवायला लावली. खाली उतरून दाण्यांवर बूट फिरवला. पाय सर्रकन घसरला.

"उद्याही असेल?"

"उद्या कसं राहील? सरपंचानं गावात सांगितलंय," बालाजी म्हणाला. पाओलोने तो प्रश्न परतीच्या वाटेवर पुन्हा विचारला. रात्री जेवताना तिसऱ्यांदा.

रविवारी बालाजी आणि मी शेतातल्या पायवाटेने त्या वळणावर पोहोचलो. रस्ता मोकळा आहे का ते पाहणारी आयोजकांची गाडी पहाटेच येऊन गेली होती. तिच्यानंतर सोयाबीन पुन्हा पसरलं गेलं होतं. दगडांना ताजा चुना दिला होता. साठीच्या आसपासच्या एक बाई झाडूने दाणे सारखे करत होत्या, त्यातले काही मोकळ्या भागातही उडत होते.

"मावशे, शर्यत हाय न्हवं आज!" बालाजी ओरडला.

"ठावं हाय की. म्हणून तर चुना लावला. लांबून दिसावं त्या गोऱ्याला."

"सरपंचानं सांगितलं न्हाई?"

"सांगितलं, रोडवर बैल आणू नका, ट्रॅक्टर आणू नका. अर्धा रोड सोडलाय की बाबा. अख्खी यस्टी जाती त्याच्यातून. ह्याची तर बारकी गाडी हाय."

फोनला रेंज नव्हती. चालकांना झेंडा दाखवणारा आयोजकांचा माणूस पुढच्या वळणापलीकडे होता. बालाजीने खांद्यावरची लाल दस्ती (मोठा रुमाल) काढली आणि गाडी यायच्या दिशेने पळाला. मी दगड उचलून कडेला टाकू लागलो. मावशी म्हणाल्या, "दगड काढू नका, दाण्यावर गाडी घालंल तो." तरी एक पोतं घेऊन भरायला बसल्या. इंजिनाचा आवाज आला तेव्हाही त्या बसलेल्याच होत्या. उठा म्हटलं तर म्हणाल्या, "एवढं भरू द्या."

गाडी वळणावर दिसली, आडवी होत आली आणि पहिल्या दगडाच्या अलीकडे थांबली. पाओलोने काच खाली केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मावशींनी उठून मोकळ्या अर्ध्या रस्त्याकडे झाडू दाखवला. "जा की बाबा, थांबला कशाला?" त्यांना पोत्यासकट कडेला घेतल्यावर तो सावकाश निघून गेला.

लातूरला पाओलो तिसरा आला. वाया गेलेला वेळ वजा करावा, असा अर्ज त्याने केला. पंचांनी मला बोलावलं. बाहेर बालाजीने पाओलोसाठी आणि माझ्यासाठी डब्यात निलंगा राईस (डाळ घातलेला मसालेभात) आणून ठेवला होता. पाओलोने त्याचा डबा उघडला नव्हता.

"गाडी जाईल एवढा रस्ता मोकळा होता का?" पंचांनी विचारलं.

"होता."

"मग तो का थांबला?"

"मोकळ्या भागाला लागूनच एक बाई बसल्या होत्या. दाणे रस्ताभर उडाले होते. वेगात गाडी सरळ गेली असती की नाही, मला सांगता येत नाही."

"म्हणजे जाता आलं असतं."

"यस्टी जाते, असं त्या बाई म्हणाल्या."

बाहेर आल्यावर पाओलोला मी हे भाषांतर करून सांगितलं. त्याने मान हलवली. रात्री आम्ही नांदेडला परतलो. तो हैदराबादला गेला.

अर्ज फेटाळला गेला. व्यवस्थापकाच्या संघाने नव्या हंगामाचे दोन चालक जाहीर केले आहेत. त्यांत पाओलो नाही.