रांग पाचवी, खेळ तीनचा

नाझलीचा बाप अलेक्झांड्रियाच्या मासळीबाजारात बोली पुकारायचा. "आधी होडी सांग, मग मासा ताजा म्हण," हे त्याचं पालुपद. पोरगी सांजदैनिकात चित्रपटांवर लिहायला लागली, तरी ते तिच्या हाडीमाशी खिळलेलं. परीक्षणाच्या डोक्यावर थिएटर, खेळ आणि रांग लिहिल्याशिवाय ती पुढं सरकत नसे. संपादक रऊफसाहेब चिडवायचे, "बाई, परीक्षण लिहिता का ट्रामचं तिकीट फाडता?"

त्या हिवाळ्यात तिनं एका नव्या चित्रपटाला डोक्यावर घेतलं. पोराची मयत आधी आणि वरात मागून, त्यामुळे वरातीतलं प्रत्येक गाणं काळजाला डसतं, असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी निर्मात्याचा फोन. वरात आधीच आहे, मयत शेवटी. तुमच्या बाईंनी चित्रपट पाहिलेलाच नाही. रऊफसाहेबांचं हसू मावळलं. गुरुवारच्या अंकात खुलासा द्या, नाहीतर सदर बंद, म्हणाले.

बापानं दिलेला डबा नाझली रोज तसाच परत नेऊ लागली. आपल्याला डुलकी तर लागली नव्हती ना, असंही मनात येऊन गेलं.

बुधवारी सकाळी गोदीतला क्रेनवाला मुतवल्ली कचेरीत आला. खिशातून तिकिटाचा तुकडा काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"तुम्ही पाचव्या रांगेत, मी सातव्या. तोच तीनचा खेळ. आधी मयत, मग वरात. काल बायकोला दाखवायला नेलं, तर सगळं सरळ. म्हणते, तू घोरत होतास. तुम्हीच काय ते सांगा आता तिला."

रऊफसाहेब तिकीट उलटसुलट बघत राहिले. मग तिघंही थिएटरात गेली. म्हातारा ऑपरेटर बिशाराकाका सदऱ्याला चष्मा पुसत म्हणाला, "त्या दिवशी तीनच्या खेळाला तिसऱ्याच्या जागी शेवटचं रीळ चढलं, तिसरं गेलं मागून. कुणी शिट्टी मारली नाही, म्हणून मीही गप्प बसलो."

नाझलीनं त्याच दुपारी, त्याच रांगेत बसून चित्रपट पुन्हा पाहिला. गुरुवारी छापून आलं: रिळं ओळीनं लावली की चित्रपट बेताचाच आहे. मागं दिग्दर्शकाला दिलेली शाबासकी खरं तर ऑपरेटरची. ती त्याला पोचती करावी.

निर्मात्याचा फोन आलाच. रऊफसाहेबांनी तो स्वतः उचलला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही त्या खेळाला कितव्या रांगेत होतात?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज नाझलीलाही ऐकू आला. तिनं बापानं दिलेला डबा उघडला. तळलेल्या बोयमाशाचे चारही तुकडे तिनं काटे चोखून चोखून संपवले, रऊफसाहेबांना विचारलंसुद्धा नाही.