मिठाचा कोपरा

अकोल्याहून निघालो तेव्हा स्टेशनावर कोवळं ऊन होतं आणि माझ्या हातात जावयाने पाठवलेला गुडघ्यापर्यंतचा कोट होता. तो घालावा तर घाम फुटत होता आणि पेटीत ठेवावा तर पेटी बंद होत नव्हती. बायकोने या प्रवासाला साफ नकार दिला होता. "बर्फ मला फ्रीजमधला पुरे," म्हणून ती अमरावतीला बहिणीकडे निघून गेली. मला मात्र जायचंच होतं. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात काढली. पाणी टाकीत पाहिलं, नळात पाहिलं, फुटलेल्या पाइपातून रस्त्यावर वाहताना तर फारच पाहिलं. पण माणूस ज्याच्यावरून चालत जातो असं पाणी पाहायचं राहिलं होतं. म्हणून २०१७ सालच्या जानेवारीत एकटाच विमानात बसलो.

मुलगी ऋजुता टोरांटोजवळच्या मिल्टनमध्ये राहते. गाव नव्याने वाढलेलं आहे आणि घरं इतकी एकसारखी, की दुसऱ्याच दिवशी फिरून आलो तो भलत्याच घराची कडी हलवत उभा राहिलो. आतून एका पंजाबी बाईने हिंदीत विचारलं, "अंकलजी, किसके घर जाना है?" आणि स्वतः मला चार दारं पलीकडे आणून सोडलं. माझी आठ वर्षांची नात मिहिका हा प्रसंग पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडणही असंच दोन भाषांत चालतं.

जावई समीर सकाळी सातला किचनर गावातल्या ऑफिसला निघतो. त्याने पहिल्याच रविवारी मला गॅरेजमधलं मिठाचं पोतं दाखवलं. हे मीठ खायचं नव्हे, जाडं, दारातल्या बर्फावर टाकायचं. "बाबा, आपल्या दारात कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपली. ड्राइव्हवेवर, म्हणजे या गाडीच्या वाटेवर, रोज थोडं मारायचं," तो म्हणाला. शोव्हल (बर्फ उपसायचं फावडं) हातात घ्यायला ऋजुताने बंदी केली होती, त्यामुळे मिठाचं खातं मी मागून घेतलं. निवृत्त माणसाला खातं मिळालं की बरं वाटतं. मीठ घ्यायला दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा होता. त्यात पूर्वी मिहिकाचे खडू असायचे, म्हणून त्यावर तिचं नाव जाड शाईने लिहिलेलं होतं.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक जुनं विटांचं घर होतं. ही नवी वस्ती उठली ती त्या घराच्याच शेतावर. एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर एक उंच म्हातारे गृहस्थ उणे दहा तापमानात अंगणात पाइप घेऊन उभे होते आणि जमिनीवर पाणी सोडत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आमच्या गावात नळ चार दिवसांआड येतो. मला ते बघवेना. कोट चढवून बाहेर गेलो आणि कुंपणावरून माझ्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणालो, "साहेब, पाणी वाया जातंय."

त्यांनी पाइप बाजूला धरला आणि मला नीट पाहून घेतलं. "वाया नाही जात," ते सावकाश म्हणाले. "मी बांधकाम करतोय. या, बघा."

ते हेंड्रिक. वय एकोणऐंशी, नऊ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर हॉलंडहून बोटीने आलेले. मी त्यांना हेंड्रिकसाहेब म्हणायला लागलो, तेही मला साहेब म्हणू लागले. त्यांच्या अंगणात चारी बाजूंना लाकडी फळ्या होत्या आणि आत काचेसारखं बर्फ धरत होतं. एकदम पाणी ओतायचं नाही, पातळ थर द्यायचा, तो गोठला की वर दुसरा. एकदम ओतलं तर वर कवच धरतं आणि खाली पोकळ राहतं. हे कारण मला लगेच पटलं. हा माणूस आमच्या खात्यात असता तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या.

स्केटिंगसाठी केलेल्या या रिंकवर गल्लीतली सगळी मुलं खेळत. अट एकच: आधी प्रत्येकाने बर्फावर पडलेलं भुसभुशीत हिम झाडायचं, मग स्केट बांधायचे. नवशिक्यासाठी स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची ठेवलेली होती. ती पुढे ढकलत ढकलत पोरं तोल सांभाळायला शिकतात. मिहिकाने याच खुर्चीला धरून दोन हिवाळे काढले होते.

कॉफी प्यायला आत गेलो. त्यांनी कपावर एक स्ट्रूपवाफल (दोन पातळ बिस्किटांमध्ये पाक भरलेला गोड पदार्थ) झाकणासारखा ठेवला, वाफेने पाक सैल झाला की खायचा. भिंतीवर खिळ्याला लाकडी स्केटची जोडी लटकत होती. लाकडाच्या तळव्याखाली लोखंडी पातं, पुढे वर वळलेलं, बाजूने चामड्याचे पट्टे. ती त्यांच्या आईची. आईने देश सोडताना पेटीत भांडी कमी घेतली आणि ही जोडी घेतली, असं ते म्हणाले.

मग त्यांनी मला या पात्याची गोष्ट सांगितली. लोखंड यायच्या खूप आधी उत्तरेकडचे लोक जनावरांच्या नळीची हाडं घासून पायाखाली बांधत आणि हातातली काठी मागे रेटत गोठलेली तळी ओलांडत. त्यात मजा नव्हती, हिवाळ्यात पायपीट वाचवायची होती. मग डच लोकांनी लाकडाखाली धारदार लोखंड बसवलं. धार बर्फात रुतते, त्यामुळे पायानेच रेटा देता येतो. काठी सुटली आणि दोन्ही हात मोकळे झाले. कालवे गोठले की तेच रस्ते व्हायचे. बायका अंड्यांच्या टोपल्या घेऊन बाजाराला जायच्या, तरुण पोरं पुढच्या गावातल्या मुलीला बघायला. पुढे मोठ्या घरांतल्या लोकांना त्यात डौल दिसला. ते बर्फावर वर्तुळं कोरू लागले, इंग्रजी आठचा आकडा एका पायावर गिरवू लागले, आणि परीक्षक वाकून त्या रेघा तपासायचे. कॅनडात आल्यावर पातं बुटालाच कायमचं जडलं. मॉन्ट्रियलमध्ये बर्फावर छप्पर आलं, छपराखाली काठ्या आणि चकती घेऊन माणसं आली आणि हॉकी झाली.

"म्हणजे आधी काम, मग मौज, मग शर्यत," मी म्हणालो.

"आणि मग टीव्ही," हेंड्रिकसाहेब म्हणाले.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. एप्रिलमध्ये घर दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होतं आणि ते स्वतः वृद्धांच्या निवासात. खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती. दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सगळी गल्ली या अंगणात जमते आणि त्या दिवशी ते आईचे स्केट बांधून चक्कर मारतात. "डॉक्टरने यंदा एकच चक्कर दिलीय," ते म्हणाले. "शेवटची आहे, तेव्हा बर्फ चांगलं हवं." मी कप खाली ठेवला आणि त्या जोडीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

मधल्या शनिवार-रविवारी समीरने आम्हाला ऑटावाला नेलं. तिथला रिडो कालवा हिवाळ्यात गोठतो आणि सगळं शहर त्यावर उतरतं. कालवा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे दरवाजे, गाळ आणि पाणीचोरी येते. इथे पाठीला ऑफिसची बॅग लावलेला एक गृहस्थ हात मागे बांधून सहज सरकत गेला. एक बाई बाळाची गाडी ढकलत गेली. हेंड्रिकसाहेबांच्या त्या अंडी विकणाऱ्या बायका मला तिथे दिसल्या. बर्फावरच्या टपरीत तळलेली, दालचिनी-साखर भुरभुरलेली लांबट पुरी मिळाली, ती मी दोन वेळा खाल्ली. तिसरी आणायला निघालो आणि साध्या बुटांनिशी उताणा पडलो. मिहिका सरकत आली आणि हात पुढे करून म्हणाली, "आजोबा, बेंड युअर नीज." गुडघे वाकवून उठलो. पाठीपेक्षा अब्रूला जास्त लागलं होतं.

त्या पडण्यानेच पुढचा घोळ केला. शुक्रवारी पहाटे फ्रीझिंग रेन झाला, म्हणजे पडता पडता गोठणारा पाऊस. झाडं, गाड्या, पायऱ्या, सगळ्यांवर गुळगुळीत थर. मी डबा भरून आमचा ड्राइव्हवे केला. मग हेंड्रिकसाहेब आठवले, त्यांचा खुबा आठवला. ते दवाखान्यात गेले होते. मी त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं, पायवाटेवर टाकलं, आणि जिथून ते फळी ओलांडून बर्फावर उतरतात तिथे, आत, चांगलं ओंजळभर जास्त टाकलं. परोपकाराच्या समाधानात डबा तिथेच फळीवर विसरलो. वर पाहिलं तर शाळेला सुट्टी मिळालेली मिहिका खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला.

पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मीठ पाण्यात कुठवर जातं हे कळायला हवं होतं. दिवसभर हवा फार गार नव्हती. शनिवारी सकाळी रिंकचा एक अख्खा कोपरा, जवळजवळ पाव भाग, भिजलेल्या साखरेसारखा झाला होता आणि त्यात खड्डे पडले होते. हेंड्रिकसाहेब काठी टेकून उभे होते. भोवती चार-पाच मुलं, त्यांत आमची मिहिकाही, आणि एका मुलाची आई. साहेबांच्या दुसऱ्या हातात दह्याचा डबा होता.

"मिहिका, हा तुझा का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मिहिकाने डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग "येस" म्हणाली आणि डबा घेतला.

"खेळता खेळता टाकलं असेल," त्या मुलाची आई म्हणाली. "पण उद्या त्यांचा दिवस होता गं."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही. गल्लीत माझी 'वॉटर इंजिनिअर अंकल' अशी ओळख झाली होती, तिचाच मोह पडला, दुसरं काय. घरी आलो, चहा घेतला. मिहिका तिच्या खोलीत दार लावून बसली. ऋजुताने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तो चहा मी कपातच निवू दिला. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज वाटली.

स्वयंपाकघरात तिळगुळाचा डबा होता. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. तो घेऊन मी कुंपणाला वळसा घालून गेलो आणि दारातच म्हणालो, "हेंड्रिकसाहेब, मीठ मी टाकलं. तुम्ही घसराल म्हणून. मिहिकाचा काही दोष नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी त्या पोरीला सगळ्यांसमोर विचारलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"मग आधी तिच्याकडे जाऊ. बर्फाचं नंतर बघू."

पायऱ्यांवर मीठ होतंच, त्यामुळे ते न घसरता आमच्या घरी आले. त्यांनी मिहिकाच्या दारावर टकटक केलं आणि तिची माफी मागितली. मग मी मागितली. तिने मान हलवली आणि विचारलं, "कॅन वी फिक्स इट?"

इथे माझी चौतीस वर्षं कामाला आली. समीरने आणि मी खराब बर्फ पार तळापर्यंत खरवडून काढलं, खारट चिखल बादल्यांनी भरून दूर नेऊन टाकला. ऋजुताचे जुने टॉवेल वापरून तळ कोरडा केला. दुपारनंतर पारा उणे बारावर घसरला. घरातून गरम पाण्याच्या बादल्या आणल्या, कारण गरम पाणी जुन्या बर्फाच्या कडा किंचित वितळवून त्यांना घट्ट धरतं. हे हेंड्रिकसाहेबांनी सांगितलं. उतार कुठे आहे आणि पाणी कुठून सोडायचं ते मी सांगितलं. पातळ थर, थांबायचं, पुन्हा पातळ थर. दोन म्हाताऱ्यांत दोनदा वाद झाला आणि दोन्ही वेळा मिहिकाने ठरवलं. संध्याकाळी त्या मुलाची आई आली, एक बादली उचलून रांगेत उभी राहिली. मी तिलाही सगळं सांगितलं.

रविवारी दुपारी कोपरा धरला होता. बाकीच्या बर्फाहून थोडा पांढरा, थोडा खडबडीत. हेंड्रिकसाहेबांनी आईचे स्केट बांधले, पट्टे तीनदा आवळले आणि मिहिकाला बोलावलं. तिला वाटलं खुर्ची आणायची आहे. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. दोघं निघाले. लाकडाचा बारीक करकर आवाज येत होता. ते मिठाच्या कोपऱ्यापाशी आले तसा मी फळीच्या कडेला सरकलो. ते वेग कमी करून त्यावरून गेले, बर्फ टिकलं. एक चक्कर पूर्ण झाली. ते फळीवर बसले आणि रडले, आणि गल्लीतले सगळे स्केट बांधल्यासारखं करून खाली बघत राहिले. मिहिका हात सोडून एकटीच दुसऱ्या चकरेला गेली होती.

फेब्रुवारीअखेर मी परत निघालो. विमानतळावर मिहिकाला विचारलं, "त्या दिवशी तू खिडकीतून पाहिलं होतंस ना? मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही असं तिने माझ्याकडे पाहिलं. "बिकॉज यू वर गोइंग टू," ती म्हणाली. तुम्हीच सांगणार होतात म्हणून.

आता अकोल्यात आहे. ऊन तापायला लागलं आहे आणि नळ चार दिवसांआड येतो. तिचं नाव लिहिलेला दह्याचा डबा मी मागून आणला, तो पिंपावर ठेवला आहे. पाणी आलं की मोरीत बसून त्यानेच भरतो. बायको विचारते, इतक्या लांबून हे काय आणलंत. तिला मी सगळं सांगितलं, चहाच्या त्या कपासकट. त्या शनिवारी रिंकपाशी उभा असताना मी सांगणार होतो की नाही, हे माझं मला अजून नक्की सांगता येत नाही. मिहिकाला मात्र ते नक्की ठाऊक होतं.