पहारा सोपवताना

मार्गशीर्षातल्या दुपारी, ओहोटी पुरती लागली की, खाडीचा चिखल दूरवर उघडा पडे आणि त्याचा खारट, किंचित कुजका दर्प वाळत्या बोंबलांच्या वासात मिसळून शाळेच्या खिडक्यांतून थेट माझ्या वर्गात शिरे. इंग्रज जाऊन काही वर्षं लोटली होती, आणि मी मात्र आगरदांड्याच्या त्या कौलारू शाळेत त्यांचं व्याकरण पढवत बसलो होतो, याची गावातल्या टवाळांना भारी मौज वाटे. मला त्यांचा राग येई. व्याकरणावर माझं मनापासून प्रेम होतं, आणि प्रेमाची थट्टा कुणालाच सोसत नाही.

त्या दिवसांत क्रियाविशेषणांचा धडा चालू होता. क्रिया संपलेली नाही, चालूच आहे, असं सांगणारं इंग्रजीतलं ते लांबट रूप आणि त्याला बिलगून येणारा गतीचा, रीतीचा शब्द. 'कमिंग स्लोली' म्हटलं की येणारी वस्तू आधी दिसते आणि तिचा संथपणा मागून कळतो; पण 'स्लोली कमिंग' म्हणा, म्हणजे संथपणाच आधी आपल्यापर्यंत पोचतो, वस्तू अजून यायचीच असते. मुलं जांभया देत. मी स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन खिडकीबाहेर बघत राही, जिथे दिघीकडे जाणारी तरीची होडी पाण्यावर खिळल्यासारखी दिसे.

अशाच एका दुपारी शाळा सुटताना नामीबाय दारात येऊन उभी राहिली. कोळीवाड्यातली ही बाई एरवी बाजारात कुणाला बोलू देत नसे. आज टोपली खाली ठेवून ती नुसतीच पदराशी चाळा करत होती.

"मास्तर, जरा घरी येता का? बाबा इंग्लिश बोलतान. आमाला कायच समजत न्हाय."

बाबा म्हणजे तिचे सासरे, हिराजीबाबा. सारी उमर त्यांनी परदेशी आगबोटींवर खलाशी म्हणून घालवली होती. नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, उभं राहून समोरच्या पाण्यावर नजर ठेवायची आणि दिसेल ते वरच्या साहेबाला ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. म्हातारपणी ते घरी बसून वाळत्या मासळीची राखण करत. मध्यंतरी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला आणि त्याच्याबरोबर त्यांची मराठीही उतरून गेली. सुनेचं नाव, देवाचं नाव, पाण्याला पाणी म्हणणं, सगळं गेलं. उरलं ते फक्त बोटीवरचं मोडकंतोडकं इंग्रजी.

पडवीत, खाडीकडे तोंड करून, बाजेवर ते ताठ बसले होते. पापणी लवत नव्हती. डोळे कोरडे, लालसर, समोरच्या पाण्यावर रोवलेले. काही वेळानं ओठ हलले.

"कमिंग, सर. स्लोली कमिंग."

"काय बोलतान?" नामीबायनं विचारलं.

"हळूहळू येतंय, म्हणतात."

"काय येतंय?"

"ते सांगत नाहीत."

वैद्यांनी तिला स्पष्ट बजावलं होतं, की डोळा लागला नाही आणि पेज पोटात गेली नाही, तर म्हातारा हाताला लागत नाही. पेजेची वाटी पुढे केली की ते तोंड फिरवत, आणि फिरवलेलं तोंड लगेच पुन्हा खाडीकडे वळे. एवढी खमकी बाई, पण ती वाटी परत आत नेऊन झाकून ठेवी आणि घटकाभरानं पुन्हा घेऊन येई.

मी रोज शाळा सुटल्यावर जाऊ लागलो. तापानं भ्रम होतो, हे मला ठाऊक होतं; भुताखेतांच्या गोष्टींचा मला लहानपणापासून तिटकारा. पण हळूहळू एक गोष्ट माझ्यातल्या मास्तरला बोचू लागली. बाबांचं क्रियापद रोज तेच असे, बदले ते फक्त क्रियाविशेषण. 'स्लोली कमिंग' जाऊन एके दिवशी 'स्टेडिली कमिंग' आलं, मग 'सायलेंटली कमिंग'. एखादी अदृश्य गोष्ट आपली चाल बदलत, अंतर तोडत होती, आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. वाक्यात होती ती तिची चाल तेवढी. पुढे पुढे मी वर्गात तो धडा शिकवायचंच टाळू लागलो.

आणखी एक होतं. बाबा आजारी पडल्यापासून अंगणातल्या बोंबलांवर राखण कुणाचीच नव्हती, तरी एकही कावळा तिकडे फिरकत नव्हता. काठ्यांवर टांगलेली ती रुपेरी मासळी वाऱ्यावर नुसती हलत राही. कोळीवाड्यातलं निलाजरं कुत्रंसुद्धा कुंपणापाशी येऊन थबके आणि माघारी वळे.

शेवटी एका संध्याकाळी नामीबायच बोलता बोलता म्हणाली, "बाबांचा सगला कारभार बोटीवरचा. मासलीची राखण माझ्या हवाली करायची तरी पयलं सांगनार, मांजर कुंपनावर, कावले माडावर. मंग ते मी तसंच्या तसं बोलून दाखवायचं, तवा कुठं उठनार जाग्यावरनं. आमी हसायचो."

"आणि नाही बोलून दाखवलं तर?"

"तर बसून ऱ्हातील सकालपर्यंत! बदली आल्याबिगर पहारा सोडायचा न्हाय, असं बोलायचे." ती एकदम थांबली. "मी ह्ये इंग्लिश पन बोलून दाखवलं, मास्तर. पन ते मान हलवतान. माला समजत न्हाय ना, ते त्यांना ठावं हाय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात, बहुधा त्या अवघ्या कोळीवाड्यात, समजून उत्तर देऊ शकेल असा माणूस मीच होतो. मला भीती वाटली. पण नामीबाय माझ्याकडे ज्या आशेनं बघत होती, तिच्यापुढे भीतीचं कौतुक किती करणार?

मी बाजेवर बाबांच्या शेजारी बसलो.

"कमिंग, सर," ते म्हणाले. "स्ट्रेट कमिंग."

"स्ट्रेट कमिंग," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग आपला हाडकुळा हात माझ्या हनुवटीला लावून त्यांनी माझा चेहरा खाडीच्या मुखाकडे वळवला. न बघता पहारा घेता येत नाही, असंच जणू त्यांना सांगायचं होतं.

सूर्य नुकताच टेकला होता. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत तांबूस उजेडानं भरून गेलं होतं, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. आणि त्या साऱ्या झळाळीत, दूर मुखापाशी, होडीएवढी एक जागा झळाळत नव्हती. तिथे काहीही नव्हतं. फक्त उजेड तिथवर येऊन थांबत होता.

"स्ट्रेट कमिंग," मी पुन्हा म्हणालो, आणि या खेपेला माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आय सी इट. यू मे गो, हिराजी."

बाबांनी एक दीर्घ निःश्वास सोडला, बाजेवर आडवे झाले आणि लहान मुलासारखे झोपी गेले. नामीबाय भिंतीला टेकून हुंदके देत होती, आनंदानंच. मला मात्र उठवेना. पाण्यावर पुरता काळोख उतरेपर्यंत मी तिथेच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मराठीत पेज मागितली, आणि ती अळणी झाली म्हणून सुनेला फैलावर घेतलं. अंगणात कावळ्यांनी उच्छाद मांडला होता. बाबा पुढे शिमग्याला नाचलेसुद्धा. आजारातलं त्यांना काही आठवत नाही, असं सगळे म्हणत. पण वाटेत मी भेटलो, की ते थांबून मला कडक सलाम ठोकत आणि इतक्या करुणेनं बघत, की मला पुढे पाऊल टाकणं जड जाई.

आता मी त्यांच्या वयाचा झालो आहे. माणगावात राहतो, इथून समुद्र दिसत नाही, पण दिशा ठाऊक असते. माझी सून कॉलेजात इंग्रजी शिकवते, माझ्याहून सरस. संध्याकाळी मी गॅलरीत बसलो, की ती मायेनं विचारते, "बाबा, एवढं काय बघताय?" मला ते अगदी दोन शब्दांत सांगता येईल. तिला ते लगेच समजेल. आणि मला बरं वाटावं म्हणून ती माझ्याशेजारी बसेल, मी बघतो तिकडे बघेल, ते शब्द उच्चारूनही दाखवेल.

"काही नाही गं," मी म्हणतो, "तू आत जा."