चिंचेखालचा पाहुणा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मोटेवरची गाणी हा विषय घेतला, तेव्हा आमचे प्राध्यापक नागपुरात खुर्चीत बसून खूश झाले आणि मी रिठदला येऊन एकटा पडलो. आईवडील केव्हाच गेले होते, त्यामुळे मला कुठेही धाडणं सोपं होतं.

गावात वांग्या-मिरचीचे मळे पुष्कळ आणि विहिरीविहिरीवर मोट. लांबून गाणं ऐकू यायचं. मी जवळ गेलो की बंद. माझ्या हातातला कागद पाहून सगळ्यांनी मला शेतसारा वाढवायला आलेला सरकारी माणूस ठरवून टाकलं होतं. "बसा साहेब," एवढं म्हणायचे आणि तोंडाला कुलूप. गाणी नाहीत तर प्रबंध कसला? एका मोटकऱ्याला मी काकुळतीला येऊन विचारलं, तर म्हणाला, "गानं बैलायसाठी असते साहेब. तुमाले कायले पायजे?" मला रागही आला आणि रडूही. अख्ख्या गावात माझ्याशी दोन शब्द जास्त बोलणारं कोणी नव्हतं.

शेवटी वैतागून कागद खोलीवरच टाकले आणि भाकरी घेऊन त्याच मोटकऱ्याच्या मळ्यातल्या चिंचेखाली जाऊन बसलो. मग रोजच बसू लागलो. मोटकऱ्यांची रीत अशी, की बैल उतारावरून हाकताना समोर जे दिसेल ते गाण्यात घालायचं: बांधावरची शेळी, वाटेवरची सून, काहीही. एके दिवशी त्याने मलाच गाण्यात घातलं.

"चाल माह्या राजा, मोट भरली गा,
चिचेखाली पाहुना, त्याची भाकर गार झाली गा,
त्याले कोनी नाही गा, त्याले हाक मारा गा."

घास हातातच राहिला. मोट रिकामी झाल्यावर तो खरोखरच ओरडला, "या ना जी, इकडं बसा, भाजी हाये!"

त्या दिवसापासून माझ्यासमोर गाणं थांबलं नाही. तो बैलांसाठी म्हणायचा, मी ऐकायचो आणि खोलीवर येऊन उतरवून काढायचो. प्रबंध उभा राहिला.

प्राध्यापकांनी तो बारकाईने वाचला आणि त्या तीन ओळींवर तांबडी रेघ मारली. "हे परंपरेतलं नाही. तुम्हाला पाहून रचलेलं आहे. काढा."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी काढलं, आणि प्रबंध मंजूर झाला. त्यात त्या विहिरीवरची सगळी गाणी आहेत. मला हाक मारा म्हणणारं तेवढं एक नाही.