सुई नको म्हटलं होतं

कळा देऊन देऊन कुसुम गळून गेली होती. बाळाचं डोकं अडलेलं. फोर्सेप्स, म्हणजे डोकं धरून ओढायचा चिमटा, उकळून तयार होता. पण आमच्या ग्वाल्हेरच्या दवाखान्यातल्या लेडी डॉक्टर त्याला हात लावेनात.

"चिमटा नहीं. रुकेंगे," त्या म्हणाल्या.

त्याला कारण होतं. ॲडमिशनच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "घर में किसी का खून बहता रहता है क्या?" कुसुमच्या सासूबाई आक्कासाहेब ताठ बसून म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नाही." सासूबाई बाहेर गेल्यावर कुसुम डॉक्टरांना हळूच बोलली, "माहेरी आहे हो, बाई. माझे दोन भाऊ त्यातच गेले. एकाचा तर नुसता दात पडला होता."

रक्त न थांबण्याचा हा रोग आईच्या रक्तातून येतो आणि बहुधा मुलग्यांना धरतो. प्रत्येकालाच होतो असं नाही. पण तपासायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. मुलगा असला आणि चिमट्यानं डोक्यात रक्त साकळलं तर संपलंच.

मी चिपळूणकडची, चौथीतून शाळा सुटलेली. ग्वाल्हेरात माझं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी मला हाताशी धरून नर्सचं काम शिकवलं, राहायला खोली दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. काही चुकलं तर जायचं कुठे, ही धास्ती मात्र कायम.

आम्ही थांबलो. मुलगा आपसूक झाला, रडलाही. कुसुमचं रक्त लवकर थांबेना. डॉक्टरांनी आणि मी आळीपाळीनं पोट दाबून धरलं. माझे हात बधिर झाले, पण ती वाचली. आक्कासाहेबांनी मला पेढा भरवला. "पोरी, तुझ्या हाताला यश आहे गं!"

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "माँजी, बच्चे को सुई मत लगवाना. बिलकुल नहीं."

"नाही लावणार. देवाशपथ."

शपथ त्यांनी पाळली. गल्लीत देवीची लस टोचणारा आला, त्याला उंबऱ्याबाहेरूनच पिटाळला.

आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी टांग्यातून त्या बाळाला घेऊन आल्या. मागून कुसुम, भिंतीला धरत. बाळाच्या दोन्ही कानांना फडकी बांधलेली, फडकी भिजलेली. बारशाला सराफ्यातला सोनार बोलावून कान टोचले होते.

"मैंने सुई मना की थी ना!" डॉक्टर ओरडल्या.

"सुई कुठे लावली?" आक्कासाहेब म्हणाल्या. "सोन्याची तार होती, बाईसाहेब. चोख सोनं!"

ग्वाल्हेरात सुई लगवाना म्हणजे इंजेक्शन घेणं. आमची मराठी माणसंही तसंच बोलतात. डॉक्टरांच्या मनात टोचणारी प्रत्येक वस्तू होती. आक्कासाहेबांना त्या 'सुई'त सोन्याची तार दिसली नाही.

मी तारा काढल्या. कान दाबून धरले. एवढासा कान, धरायला दोन बोटं पुरत. डॉक्टरांनी बापाचं रक्त देऊन पाहिलं. संध्याकाळी बाळ गेलं.

रोग आईकडून आला, हे डॉक्टरांना आता सांगावंच लागलं. आक्कासाहेब रडल्या नाहीत. सुनेकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या माहेरानं नेला माझा नातू."

कुसुमनं मान वर केली. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा 'आमच्या घरात' म्हणालात. मी नव्हते का त्या घरात?"

मी तारा धुऊन पुढे केल्या, त्या आक्कासाहेबांनी पदराच्या टोकाला बांधल्या. पुढच्या वर्षी कुसुमच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं.

आता मी नुसतं सुई म्हणत नाही. कान, नाक, लस, गोंदण, एकेक नाव घेते. माहेरची विचारपूस करायची असली की सासूला आधी व्हरांड्यात बसवते. आणि कुणी "कळलं, कळलं" म्हणालं तर विचारते, काय कळलं ते सांगा. लोकांना राग येतो. येऊ दे.